बोअरवेलने गावाला काय दिले, काय नेले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावोगावी पाण्याचा ताळेबंद मांडायच्या बैठकांत, आणि बैठक संपल्यावर फोनवर, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. यंत्राने माणसाचे भले झाले की बुरे, हा वाद शहरात मोबाइलवरून रंगतो. दुष्काळी भागात तो बोअरवरून होतो आणि तिथे त्याची किंमत लगेच मोजावी लागते. एखाद्या उत्तराचा संबंध दुसऱ्या प्रश्नाशी असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. विहीर काय आणि बोअर काय, पाणी जमिनीतलेच ना? मग फरक कसला?

फरक साठ्याचा आणि खोलीचा. वीस फूट व्यासाच्या विहिरीत तीस-बत्तीस फूट पाणी उभे असेल तर ते पावणेतीन लाख लिटरच्या आसपास भरते. साडेसहा इंची बोअरमध्ये तीनशे फूट पाणी उभे असले तरी ते जेमतेम दोन हजार लिटर. म्हणजे विहीर पाणी साठवते, बोअर साठवत नाही. त्याच्यात खडकातून जेवढे येत राहील तेवढेच मिळते. विहीर डोळ्यांना दिसते, पायऱ्या किती उघड्या पडल्या ते रोज कळते. बोअरचे काही दिसत नाही. मोटार हवा मारायला लागते तेव्हाच समजते. माझ्या मते निम्मे नुकसान या न दिसण्याने केले आहे.

२. आपल्याकडे बोअर आले कधी आणि कशासाठी?

आले ते पिण्याच्या पाण्यासाठी. १९६७ च्या बिहारमधल्या दुष्काळात युनिसेफने हवेच्या दाबावर चालणारी, कठीण खडक झपाट्याने फोडणारी यंत्रे भारतात आणली. त्याआधी पाषाणात विहीर खणायची म्हणजे सुरुंग, पहार आणि महिनोन्‌महिने कष्ट. ही यंत्रे तेच काम एक-दोन दिवसांत करू लागली. महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला आणि त्याच वर्षी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. गावाला पिण्याचा बोअर आणि त्यावर हातपंप, हे चित्र तेव्हापासूनचे.

त्या हातपंपाचे मूळही आपल्याच मातीत आहे. ओतीव लोखंडाचे जुने पंप गावाचा भार सोसेनात, सारखे मोडत. मग जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या कामातून पोलादी पंप तयार झाला, तो सोलापुरात सुधारला आणि सोलापूर पंपाच्या रचनेवरून इंडिया मार्क-२ घडला. आज आफ्रिकेतल्या कितीतरी गावांत तोच पंप चालतो. त्याचा दांडा दाबताना जालना-सोलापूर कोणाला आठवत नाही, याचे मला वाईट वाटते.

३. सरळ सांगा, बोअरने समाजाचे भले केले की वाईट?

भले केले, आणि ते लहानसहान नव्हते. नारू हा रोग नव्या पिढीला ऐकूनही माहीत नाही. पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा, माणूस ऐन पेरणीत आडवा व्हायचा. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरताना रोगी पाय पाण्यात बुडत आणि रोग गावभर पसरे. हातपंपाच्या पाण्यात कुणाला पाय बुडवता येत नाहीत. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, पाणी गाळून पिणे आणि बोअरचे पाणी, या तिन्हींमुळे भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. ज्या वस्त्यांना गावविहिरीवर पाय ठेवू देत नसत, त्यांच्या दारातही हातपंप आला.

वाईट घडले ते पुढे, तेच यंत्र शेतीकडे वळले तेव्हा. वीज आली, सबमर्सिबल मोटार आली, ऊस आणि फळबागा वाढल्या. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या रिग, म्हणजे ट्रकवर बसवलेली बोअर खोदणारी यंत्रे, आपल्या रस्त्यांवर रांगेने दिसू लागल्या आणि फुटावर पैसे मोजले की कोणालाही कितीही खोल जाता येऊ लागले. हातपंप साधारण ४५ ते ५० मीटर खोलीवरून पाणी ओढू शकतो, त्याखालून नाही. शेतीचे बोअर चारशे-पाचशे फुटांवर गेले, पातळी दीडशे फुटांखाली उतरली आणि गावाचा हातपंप कोरडा दांडा हलवत राहिला. ज्या बाईची पायपीट बोअरने थांबवली होती, तिच्या डोक्यावर बोअरनेच पुन्हा हंडा चढवला. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट ही आहे.

४. आमच्याकडे सगळा काळा पाषाण. मग पाणी येते कुठून? आणि जितके खोल जावे तितके पाणी जास्त, हे खरे ना?

नाही, आणि हा गैरसमज फार महाग पडतो. राज्याचा सुमारे ८२ टक्के भाग बेसाल्टचा आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून तो तयार झाला. या खडकाला स्वतःची पाणी धरण्याची ताकद जवळजवळ नाही. पाणी असते ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकाच्या सच्छिद्र भागात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यावर. भेगा खोलीबरोबर कमी होतात आणि मिटत जातात. त्यामुळे आपल्याकडचे रोजच्या वापराचे आणि दर पावसाळ्यात भरून निघणारे पाणी वरच्या शे-दोनशे फुटांतच असते. त्याखाली क्वचित एखादा सांधा लागतो, पण तिथले पाणी फार वर्षांपूर्वी मुरलेले असते आणि संपले की लवकर भरत नाही.

रिग चालू असताना हे डोळ्यांनी बघता येते. पहिले वीस-तीस फूट तांबूस मुरूम निघतो. मग केसिंग, म्हणजे भोकाच्या कडा ढासळू नयेत म्हणून घातलेला पाइप, उतरते आणि करड्या पाषाणाचा फुफाटा उडायला लागतो. घरची माणसे नाकाला रुमाल, पदर लावून उभी असतात. सगळ्यांचे डोळे त्या धुरळ्यावर असतात, तो कधी ओला होतो, गोळे कधी बांधतो यावर. चारशे फुटांवर रिगवाला हात करून विचारतो, ‘अजून पन्नास टाकू का?’ इतके घातले, आता मागे कसे फिरायचे, म्हणून मालक मान हलवतो. जसजसे खाली जावे तसतसा फुटाचा दरही वाढतो. म्हणून रिग बोलावण्याआधीच, घरात बसून, किती फुटांवर थांबायचे ते ठरवा आणि लिहून ठेवा. भोकाच्या कडेला उभे राहून हा निर्णय नीट होत नाही.

५. शेजाऱ्याने बोअर मारल्यापासून माझी विहीर आटली. खरेच त्याच्यामुळे झाले का?

होऊ शकते, आणि ते दोन प्रकारे होते. एक म्हणजे उपसा: त्याचा आणि तुमचा थर एकच असेल तर त्याच्या मोटारीने पातळी खाली ओढली जाते. दुसरा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही. केसिंग पाइप मुरूम संपेपर्यंतच उतरवतात, त्याखाली भोक उघडे असते. वरच्या थरातले, म्हणजे तुमच्या विहिरीचे पाणी त्या भोकातून खालच्या रिकाम्या भेगांत उतरत राहते. कोरडा गेलेला, मोटारही न बसवलेला बोअरसुद्धा हे करू शकतो (प्रश्न १७ पाहा).

खात्री करायची असेल तर भांडणाआधी मोजमाप करा. त्याची मोटार आठ तास चालू असताना आणि नंतर रात्रभर बंद असताना तुमच्या विहिरीची पातळी दोरीने मोजा. असे चार-पाच दिवस केले की संबंध आहे की नाही ते कळते. दोघांनी मिळून मोजले तर उत्तम, कारण मग आकड्यावरून वाद होत नाही.

६. विहिरीत आडवे बोअर घेतले तर चालतात का?

तांत्रिकदृष्ट्या उभ्या बोअरपेक्षा ते बरे. विहिरीच्या तळाशी चहूबाजूंनी शंभर-दीडशे फूट आडवी भोके मारतात, भेगांना छेद जातो, पाझर वाढतो आणि पाणी विहिरीतच साठते. अडचण अशी की ते भोक तुमच्या बांधाखालून शेजाऱ्याच्या रानात गेलेले असते. तेव्हा बांधापर्यंतचे अंतर मोजून तेवढ्यातच थांबा. हा नियम कोणी तपासायला येत नाही, तरी पाळा.

७. पाणाड्याच्या हातावर नारळ उभा राहिला की पाणी लागते का?

नारळ उभा राहणे किंवा उंबराची बेचकी वळणे याचा जमिनीतल्या पाण्याशी संबंध कोणत्याही नीट घेतलेल्या चाचणीत सिद्ध झालेला नाही. तरी अनेक पाणाड्यांचे ठोकताळे बरोबर येतात. एक कारण असे की पावसाळा चांगला झाला असेल तर पुष्कळ ठिकाणी थोडेफार पाणी लागतेच. दुसरे, अनुभवी माणूस ओढ्याचा उतार, झाडे, जुन्या विहिरी नकळत वाचत असतो. त्याचा हा अनुभव मी हलका मानत नाही. पण लाखभर रुपये घालायचे असतील तर जमिनीत वीज सोडून खडकाचा विद्युतरोध मोजणारे सर्वेक्षण करून घ्या, आणि शिवारातल्या आधीच्या दहा-बारा बोअरची खोली आणि पाणी कागदावर मांडा. तो कागद फुकट आहे, आणि बहुतेक वेळा त्यातच उत्तर असते.

८. रिगवाला म्हणाला दोन इंच पाणी लागले. दोन इंच म्हणजे किती?

पाणी वाहते तिथे पत्र्याला त्रिकोणी खाच पाडून लावतात आणि त्या खाचेतून किती उंचीची धार जाते ते बघतात. काटकोनी खाच असेल तर एक इंच म्हणजे तासाला साधारण पाचशे लिटर. दोन इंच म्हणजे मात्र हजार नव्हे, तर तीन हजारांच्या जवळपास, आणि चार इंच म्हणजे सोळा हजारांच्या पुढे. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त वाढते. त्यामुळे ‘दीड की दोन’ या अर्ध्या इंचात मोठा फरक असतो.

शिवाय रिगचा कॉम्प्रेसर हवा मारत असताना भोकात साचलेले पाणीही वर फेकले जाते. खरी क्षमता कळायला मोटार उतरवून काही तास सलग उपसा करून बघावा लागतो. ती चाचणी न करता मोठी मोटार घेतलेली माणसे महिन्याभरात जळालेल्या वाइंडिंगचे बिल घेऊन येतात.

९. कायदा आहे की नाही? माझ्या जमिनीत मी बोअर घेतो, सरकारचा काय संबंध?

‘माझ्या जमिनीखालचे पाणी माझे’ ही समजूत १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आली आहे. तो झाला तेव्हा मोट होती, आणि बैलजोडी उपसून उपसून किती उपसणार? मोट गेली, समजूत राहिली.

महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायला मनाई केली. त्यानंतरचा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ चा. त्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर म्हटले आहे आणि शेती-उद्योगासाठी ती घेण्यास बंदी घालण्याची तरतूद आहे. विहिरींची आणि रिगची नोंदणीही त्यात आहे. गोव्याचा भूजल कायदा २००२ चा आहे. आता दोनशे फुटांची ही मर्यादा आणि तुमच्या शिवारातल्या बोअरची खोली शेजारी ठेवून बघा. पाळला जात नाही म्हणून कायदा रद्द होत नाही. ग्रामसभेने ठराव करताना त्याचा आधार घेता येतो, आणि घेतला पाहिजे.

१०. ठिबक केले. आता तर पाणी वाचते ना?

तुमच्या एकरात वाचते, गावात वाचेलच असे नाही. पाटाने एक एकर भिजत होते, ठिबकवर दोन एकर भिजू लागले आणि तुम्ही दोन एकर लावलेत, तर उपसा तेवढाच राहिला. उलट पाटाच्या पाण्यातले जे खाली मुरून परत विहिरीला मिळायचे, तेही कमी झाले. मी ठिबकच्या विरोधात अजिबात नाही. खत, मजुरी, तण या सगळ्यात ते फायद्याचे आहे. पण पाणी वाचवायचे असेल तर ठिबकसोबत ‘क्षेत्र वाढवणार नाही’ हे ठरवावे लागते. यंत्र बचत करून देते. ती बचत कुठे जाईल हे माणसाने ठरवायचे असते.

११. वीजबिल माफ झाले, सौर पंपही मिळाला. यात वाईट काय आहे?

आधी चांगले काय ते मोकळेपणाने मान्य करू. रात्रीच्या लाइटला पाणी द्यायला जाणे म्हणजे साप, विंचू, बिबट्याचा भाग असेल तर बिबट्या, आणि थंडीत गुडघाभर ओल. दिवसा पाणी मिळणे हा शेतकऱ्याचा साधा हक्क आहे. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज मोफत आहे आणि ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. लहान शेतकऱ्याला हा मोठा आधार आहे.

धोका असा की उपशाला आता कसलाच लगाम उरत नाही. पूर्वी बिल, डिझेल, भारनियमन, काहीतरी मोटार थांबवायचे. सौर पंप ऊन असेपर्यंत फुकट चालतो. म्हणून ज्या गावाने सौर पंप घेतले त्या गावाने पाण्याचा हिशेब (प्रश्न १४) आधी मांडायला हवा होता. अजूनही मांडता येतो.

१२. बोअरचे पाणी शेततळ्यात भरून ठेवले तर बिघडते काय?

शेततळ्याची मूळ कल्पना वाहून जाणारा पाऊस अडवायची. पुष्कळ ठिकाणी मात्र प्लॅस्टिकचा कागद अंथरून हिवाळ्यात बोअरने तळे भरून घेतात. जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी उन्हात मांडले जाते, त्यातले बरेच उडून जाते, आणि सगळ्यांचे असलेले पाणी एकाच्या कुंपणाआड जाते. द्राक्ष, डाळिंबवाल्यांची अडचण मला समजते, एप्रिल-मेमध्ये बाग हातची जाते. तरी ज्या गावात फेब्रुवारीपासून टँकर सुरू होतो तिथे बोअरने तळे भरणे मला योग्य वाटत नाही, आणि हे मी बागाईतदार मित्रांच्या तोंडावर सांगतो. ओढ्याच्या पुराचे, पावसाळ्यातल्या भरल्या विहिरीचे पाणी घ्या, त्याला कोणाची हरकत नसावी.

१३. खोल बोअरचे पाणी पिण्यासाठी शुद्ध असते ना?

जंतूंच्या बाबतीत उघड्या विहिरीपेक्षा बहुधा बरे. क्षारांच्या बाबतीत नाही. पाणी खडकात जितका काळ राहते तितके त्यात क्षार उतरतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे; मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, मोठ्यांची हाडे-सांधे आखडतात. प्रमाण लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालते. फ्लोराइड उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने तीव्र होते. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी मुळातच खारे, तिथे बोअर हा मार्गच नव्हे. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर जास्त उपशाने समुद्राचे पाणी आत सरकते.

गावाने वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पिण्याच्या स्रोताची तपासणी करून घ्यावी आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.

१४. आमच्या गावाचा पाण्याचा हिशेब मांडायचा कसा?

कागद, पेन आणि पर्जन्यमापक एवढे पुरते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर. समजा शिवार हजार हेक्टरचे आणि पाऊस ५०० मिलिमीटर. म्हणजे पडले ५०० कोटी लिटर. कठीण बेसाल्टात त्यातले ढोबळमानाने दहावा हिस्सा मुरते असे धरू: ५० कोटी. दोन हजार लोकसंख्येला माणशी ५५ लिटर धरले तर पिण्या-वापरण्याला वर्षाला चार कोटी लागतात. जनावरे यात धरलेली नाहीत. उरले ४६ कोटी. पाटाने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला पावसाखेरीज दीड कोटी लिटर तरी उपसावे लागते. म्हणजे सगळे पाणी उसालाच दिले तर तीस हेक्टर ऊस, आणि बाकीचे नऊशे सत्तर हेक्टर कोरडे.

हे आकडे फळ्यावर लिहिले की बैठकीत काही वेळ कोणी बोलत नाही. मग कोणीतरी उठून विचारते, ‘मग आत्ता ऊस किती आहे आपल्यात?’ तिथून खरी बैठक सुरू होते. तुमचे आकडे वेगळे असतील, माती-खडक वेगळा असेल, नेमके प्रमाण भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून मिळते. गावाची केंद्राच्या अटल भूजल योजनेत निवड झालेली असेल तर हे काम झालेलेही असेल, ग्रामसेवकांकडे कागद मागा.

१५. बोअरबंदी केलेली गावे आहेत म्हणतात. पण बोअर बंद म्हणजे ज्याच्याकडे विहीर नाही त्याच्यावर अन्याय नाही का?

हा फार चांगला प्रश्न आहे, आणि तो बहुधा अल्पभूधारकच विचारतात. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी नको असे ठरवले आणि दरवर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिके ठरवली. तिथे ही बंदी टिकली कारण पाणलोटाचे काम आधी झाले होते आणि विहिरींना पाणी आले होते.

पण नुसती बंदी घातली तर ज्याने कालपर्यंत बोअर मारून घेतला त्याचे फावते आणि जो मागे राहिला तो कायमचा मागे राहतो. म्हणून बंदीबरोबर वाटप लागते. विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पुरंदर तालुक्यातल्या नायगावपासून पाणी पंचायत सुरू केली, तेव्हा पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे तर घरातल्या माणसांवर वाटले, भूमिहीनांनाही हिस्सा दिला आणि ऊस वगळला. पन्नास वर्षे होत आली, तरी याच्याहून न्याय्य सूत्र मला सापडलेले नाही. तुमच्या गावाला सगळे जमणार नाही. निदान सामाईक विहिरीपासून, दोन-चार कुटुंबांच्या गटापासून सुरुवात होते.

१६. दुष्काळात मोसंबीची बाग जळतेय. एक बोअर घेऊन बाग वाचवू का?

२०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याकडच्या कितीतरी बागा वाळल्या, आणि त्या वाचवायला घेतलेल्या बोअरची कर्जे बाग गेल्यावरही फेडावी लागली. दुष्काळाच्या वर्षी पातळी सगळीकडे खाली असते, रिगचा दर चढलेला असतो आणि पाणी लागण्याची शक्यता सर्वांत कमी असते. दहा वर्षांच्या झाडांकडे बघून हात आखडता घेणे किती जड जाते ते मी पाहिले आहे. तरी आधी छाटणी करा, फळे काढून टाका, आळ्यात आच्छादन घाला, निम्मी झाडे सोडून निम्मी टँकरने जगवण्याचा खर्च काढा. तो आकडा आणि कोरडा जाऊ शकणाऱ्या बोअरचा आकडा शेजारी ठेवून मगच ठरवा. जनावरांच्या आणि माणसांच्या पिण्यासाठी मात्र बोअर अधिग्रहित करण्याची मागणी पंचायतीने करावी. टंचाईत तशी तरतूद आहे.

ज्यांना वाटते की एवढी वेळ येणार नाही, त्यांनी एप्रिल २०१६ आठवावा. मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. प्रश्न १ मधल्या विहिरीशी ताडून बघा: दोन भरलेल्या विहिरीसुद्धा नाहीत.

१७. बोअर कोरडा गेला. आता त्या भोकाचे काय करू? पावसाचे पाणी सोडले तर चालेल?

पहिल्याच दिवशी तोंड बंद करा. पोते टाकून, दगड ठेवून नव्हे. उघड्या बोअरमध्ये लहान मुले पडून गेल्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नियम घालून दिले: खोदकाम चालू असताना कुंपण आणि फलक, केसिंगभोवती सिमेंटचा कट्टा, तोंडावर वेल्डिंग केलेले किंवा बोल्टने आवळलेले झाकण, आणि सोडून दिलेला बोअर तळापासून वरपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरून टाकणे. रिगवाल्याचा शेवटचा हप्ता झाकण बसल्यावरच द्या.

पुनर्भरण करायचे तर दोन गोष्टी तपासा. खाली पाणी घेणाऱ्या भेगा आहेत का? टँकरभर पाणी ओतून किती वेळात उतरते ते बघा. तुंबून राहिले तर तो बोअर पुनर्भरणाच्या कामाचा नाही, भरून टाका. आणि आत जाणारे पाणी कुठले आहे? घराच्या छपराचे चालेल. शेतातून वाहून येणारे, खत-औषधांचे, गोठ्याचे पाणी कधीही सोडू नका. वरच्या मातीतून मुरताना ते थोडे तरी गाळले जाते, बोअरमधून ते थेट सगळ्या गावाच्या पाण्यात मिसळते. केसिंगभोवती खड्डा घ्या, त्या भागात केसिंगला बारीक छिद्रे पाडून जाळी गुंडाळा, तळाशी मोठे दगड, मग खडी, वर वाळू भरा. वाळूचा वरचा थर दरवर्षी मृगाच्या आधी काढून धुवावा लागतो, नाहीतर दुसऱ्या वर्षी गाळाने खड्डा बसतो.

१८. आम्ही पुण्यात सोसायटीत राहतो. टँकर परवडत नाही म्हणून बोअर घेतोय. शेतीचे हे सगळे आम्हालाही लागू आहे का?

खडक तोच आहे, त्यामुळे प्रश्न ४, ५ आणि १७ जसेच्या तसे लागू. फरक एवढाच की शहरात जमीन काँक्रीटने झाकली आहे आणि एका एकरावर दोनशे घरे आहेत. छतावरचे सगळे पाणी आधी गाळून जमिनीत सोडण्याची सोय करा. शेजारच्या तीन-चार सोसायट्यांशी बोला, कारण तुम्ही सगळे एकाच थरातून उपसणार आहात.

१९. वाटणीत बोअर थोरल्या भावाच्या गटात गेला. खर्च आम्ही तिघांनी केला होता. पाण्यावर आमचा हक्क राहतो का?

विहिरीच्या बाबतीत सातबाराच्या इतर हक्कांत हिस्सा लिहिण्याची जुनी पद्धत आहे. बोअर पुष्कळदा कुठेच नोंदलेला नसतो, आणि भांडण तिथूनच सुरू होते. वाटणीपत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: पाण्यात कोणाचा किती हिस्सा, पाइपलाइन कोणाच्या रानातून जाणार, आणि मोटार जळाली तर खर्च कसा. तलाठ्याकडे नोंद करून घ्या. वाटणी आधीच झाली असेल आणि कागद नसेल तर वकिलाकडे जाण्याआधी पाळी ठरवून बघा, आठवड्याचे दिवस वाटून. पाळीत एक दिवस मोकळा ठेवा, त्या दिवशी कोणीच मोटार लावायची नाही. भोकात पातळी किती वर येते ते त्या दिवशी तिघांनी मिळून मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. उन्हाळ्यात पाळ्या कमी करायची वेळ आली की तीच वही समोर ठेवायची.